सामर्थ्याचे माप

एखादा मनुष्य संयमी आहे की नाही, हे ठरवावयाचे कशावरून? त्याने काय केले नाही यावरून ते ठरते, असे आपण सामान्यतः समजतो. त्याने कोणाला दुखविले नाही, कोणाकडून काही उकळले नाही, कोणाची अडवणूक केली नाही. म्हणून तो संयमी. आमचीही समजूत अनेक वर्षे अशीच होती, आणि तिच्या आधारे आम्ही स्वतःला संयमी माणसांच्या यादीत, अगदी वर नसले तरी मध्यावर कोठेतरी, बसवून टाकले होते. ती यादी पुन्हा तपासण्याचा प्रसंग आमच्यावर यावा, आणि तोही मोटारदुरुस्तीच्या एका कारखान्यात यावा, असे आम्हांस कधी वाटले नव्हते.

आम्ही ग्वाल्हेरीस केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून आहोत. यंत्रविषयक आमचे ज्ञान घरच्या पंख्यापलीकडे जात नाही. परंतु आमच्या भाच्याला गाड्यांचा नाद आहे. त्याच्यापाशी २०२० पूर्वीची, डिझेलवर चालणारी एक जीपवजा गाडी आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने तिच्या इंजिनाचे मूळचे चारही इंजेक्टर काढून त्यांच्या जागी मोठे बसविण्याचा घाट घातला, आणि सोबत म्हणून आम्हांस सलग दोन रविवार ट्रान्सपोर्ट नगरातील एका कारखान्यात नेऊन बसविले. निर्मात्याने नोंदविलेल्या मूळ वर्णनाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते. कारकुनी सवयीने आम्ही ते त्याला ऐकविले. "मामा, ही गाडी शर्यतीच्या मैदानापुरती आहे," असे तो म्हणाला. मैदानापर्यंत ती रस्त्यानेच जाणार, हे आम्हांस दिसत होते. पण आम्ही पुढे बोललो नाही. त्या न बोलण्याचा हिशेबही या लेखात कोठेतरी धरावाच लागेल.

इंजेक्टर म्हणजे काय, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम समजले. अलीकडच्या डिझेल इंजिनात एक पंप डिझेलला हवेच्या दाबाच्या हजारपट, किंवा त्याहूनही अधिक, दाबाखाली एका जाड नळीत कोंडून ठेवतो. त्या नळीतून प्रत्येक सिलिंडरला एकेक इंजेक्टर जोडलेला असतो. विजेचा इशारा मिळताच त्याची झडप क्षणभर, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास, उघडते आणि टोकाच्या बारीक छिद्रांतून डिझेलचे धुके सिलिंडरमध्ये फवारले जाते. मूळच्या इंजेक्टरचे छिद्र ०.१३ मिलिमीटरचे असेल आणि नव्याचे ०.१४८ मिलिमीटरचे, तर दोहोंत मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्शाएवढाही फरक नसतो. तथापि तेवढ्या फरकाने त्याच दाबाखाली, त्याच वेळात, सुमारे ३० टक्के अधिक डिझेल आत जाते. सामर्थ्य वाढते ते असे, डोळ्यांना न दिसणाऱ्या अंतराने.

इंजेक्टर बदलण्याचे काम दुपारपर्यंत उरकले. आता गाडी सुरू करून घरी जावयाचे, अशा समजुतीने आम्ही उठू लागलो, तेव्हा कारखान्याचे वृद्ध उस्ताद हसून म्हणाले, "बाबूजी, बड़ा नोज़ल लगाना तो एक दोपहर का काम है, उससे कम दिलवाना, वो असली काम है।" त्या वाक्याचा अर्थ कळावयास आम्हांस दोन रविवार लागले, आणि तो आमच्याविषयीही काही सांगतो आहे, हे कळावयास त्याहून अधिक काळ लागला.

इंजिनाच्या संगणकात काही कोष्टके असतात. कारागीर त्यांना नकाशे म्हणतात. इतके डिझेल हवे असेल आणि नळीत इतका दाब असेल, तर झडप इतका वेळ उघडी ठेवावी, असा त्यांत हिशेब असतो. हा हिशेब जुन्या, लहान इंजेक्टरला अनुसरून लिहिलेला असतो. ज्या कामाला पूर्वी झडप १,००० मायक्रोसेकंद उघडी ठेवावी लागे, त्याच कामाला ३० टक्के अधिक देणाऱ्या इंजेक्टरला ढोबळमानाने ७७० मायक्रोसेकंद पुरतात. कोष्टक न बदलता इंजिन चालविले, तर संगणक मागतो एक आणि इंजेक्टर देतो सव्वापट, दीडपट. म्हणून मोठा इंजेक्टर बसविल्यानंतरचे पहिले काम त्याला अधिक देऊ देण्याचे नसते. त्याची वेळ कमी करण्याचे असते. उस्तादांचा मुलगा संगणक मांडीवर घेऊन पहिला सबंध रविवार केवळ जागच्या जागी चालणारे इंजिन शांत करीत बसला होता. गाडी जागची हलली नाही.

जागच्या जागी चालताना प्रत्येक फवाऱ्यात जे डिझेल लागते ते पाण्याच्या थेंबाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढे असते. लहान इंजेक्टर तेवढे सहज देतो. मोठ्याला ते अवघड जाते. कारण झडप उघडणे आणि मिटणे यांतच थोडा काळ जातो, आणि इतक्या अल्प वेळात नेमके माप साधणे कठीण होऊन बसते. एका फवाऱ्यात थोडे अधिक, पुढच्यात थोडे उणे, असे होऊ लागते; इंजिन खडखडते, थरथरते. भरभरून देण्यात मोठ्या इंजेक्टरची परीक्षा होत नाही. त्याला थोडेसे, नेमके आणि प्रत्येक वेळी सारखेच देता येते की नाही, यात त्याची परीक्षा असते.

येथेच आम्ही प्रथम अडखळलो. जुना इंजेक्टर कधी प्रमाणाबाहेर देत नव्हता, हे खरे. परंतु तो देऊ शकतच नव्हता. त्याच्या न देण्याला संयम म्हणावयाचे काय? क्षमा बलवंताला शोभते, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. दुर्बळाने क्षमा केली तर त्याला दुसरे काय करता येण्याजोगे होते, हा प्रश्न उरतोच. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात तर याहून कठोर निवाडा आहे: जो कर्मेंद्रिये आवरून बसतो पण मनाने विषयांचे चिंतन करीत राहतो, त्याच्या वागण्याला तेथे मिथ्याचार म्हटले आहे. म्हणजे हात बांधलेले असणे आणि हात आवरणे, या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसल्या तरी एक नव्हेत.

दुसऱ्या रविवारी गाडी रस्त्यावर निघाली, आणि प्रश्नाची दुसरी बाजू आमच्यासमोर आली. साध्या पेट्रोल इंजिनात चालकाचा पाय हवेची वाट कमी-जास्त करतो आणि पेट्रोल हवेच्या मागोमाग येते. डिझेल इंजिनाची रीत वेगळी आहे. तेथे शक्ती कमी-जास्त होते ती डिझेलच्या मात्रेने. हवा येईल तेवढी येते, आणि किती डिझेल द्यावयाचे हे देणारा ठरवितो. एक किलो डिझेल पूर्ण जळावयास सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचा हिशेब केला तर ही हवा सुमारे दहा हजार लिटर भरते. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच अशा खोलीत मावेल एवढी. शिवाय सिलिंडरमध्ये डिझेलच्या प्रत्येक कणाला त्याच्या वाट्याची हवा नेमकी गाठता येत नाही. म्हणून हवा बरीच अधिक ठेवावी लागते. डिझेलच्या अठरा-वीस पटींहून ती खाली आली की धूर दिसू लागतो. जळावयास हवाच न मिळालेल्या कार्बनाचे ते काजळकण असतात.

याचा अर्थ असा की, इंजेक्टर मोठा केल्याने शक्ती वाढत नाही. शक्ती वाढण्याची केवळ शक्यता वाढते. ती प्रत्यक्षात किती वाढावी, हे इंजेक्टरच्या छिद्रावर अवलंबून नसून हवेवर अवलंबून असते. हवा पुरविणारा टर्बोचार्जर बाहेर जाणाऱ्या धुरावरच फिरतो. त्याला वेग घ्यावयास क्षण-दोन क्षण लागतात. चालकाने पाय दाबला की डिझेल तत्काळ येऊ शकते, हवा मात्र मागाहून येते. त्या मधल्या क्षणांत गाडीच्या मागे काळा लोट उठतो. तो टाळावयाचा असेल तर हवा जसजशी वाढेल तसतशीच डिझेलची मात्रा वाढू द्यावी, अशी मर्यादा कोष्टकात घालावी लागते. उस्तादांच्या मुलाने ती घातली. भाच्याला ते मानवले नाही. "मामा, पाय दाबल्यावर गाडी विचार करते," अशी त्याची तक्रार होती. आम्हांस वाटले, गाडीची याहून मोठी स्तुती कोणी करू शकणार नाही.

मर्यादा घालण्यापूर्वी एकदा तशी गाडी चालवून पाहिली होती. आम्ही भाच्याच्या शेजारी बसलो होतो. आत बसलेल्याला केवळ पाठीला धक्का आणि कानाला गर्जना एवढेच जाणवले. सहज मागे वळून पाहिले, तेव्हा सायकलवर डबा अडकवून चाललेला एक मनुष्य काळ्या ढगात नाहीसा झालेला दिसला. ढग विरला तेव्हा तो एक पाय जमिनीवर टेकून, तोंडावर हात धरून उभा होता. त्याने आमच्याकडे पाहिले. पण तोवर आम्ही बरेच पुढे गेलो होतो.

प्रमाणाबाहेर वापरलेल्या सामर्थ्याची दोन देणी असतात. एक देणे इंजिन स्वतः भागविते. अधिक डिझेलाबरोबर सिलिंडरमधील उष्णता वाढते. पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळते. ज्वाळेची उष्णता याच्या कितीतरी वर असते. पिस्टन टिकतो तो केवळ ज्वाळेचा स्पर्श क्षणिक असतो आणि तेल व कड्या त्याची उष्णता वाहून नेतात म्हणून. उष्णता सतत वाढती ठेवली तर एके दिवशी तो वितळतो किंवा भेगाळतो. हे देणे उशिरा येते. दुसरे देणे मात्र तत्काळ येते, आणि ते मागून येणारा भागवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधनसंस्थेने २०१२ साली डिझेलच्या धुराची गणना मनुष्याला निश्चितपणे कर्करोगकारक असणाऱ्या पदार्थांत केली. त्या सायकलस्वाराचा आमच्या भाच्याच्या शर्यतीशी कोणताही संबंध नव्हता. धूर मागे जातो. वापरणाऱ्याला स्वतःचा अतिरेक दिसत नाही, त्यासाठी त्याला मुद्दाम वळून पाहावे लागते.

संध्याकाळी उस्तादांच्या मुलाने भाच्यापुढे एक सूचना ठेवली. संगणकात दोन नकाशे भरता येतील. एक प्रदूषण तपासणीच्या दिवसासाठी आणि दुसरा रोजच्यासाठी. एका बटनाने एकावरून दुसऱ्यावर जाता येईल. तपासणीत गाडी उभी ठेवून इंजिन एकदम वाढवितात आणि धुराची घनता मोजतात. तेवढ्यापुरता सभ्य नकाशा पुरे.

ही युक्ती त्या मुलाची नव्हे. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेत उघड झाले की, फोक्सवॅगन या जर्मन कंपनीच्या डिझेल गाड्यांच्या संगणकाला आपली तपासणी चालली आहे हे ओळखता येई. तेवढा वेळ नायट्रोजनच्या घातक वायूंवर पूर्ण नियंत्रण राही, आणि रस्त्यावर येताच ते सैल होई. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रकार होता. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकॉन हा गायजीसच्या अंगठीची कथा सांगतो. ती अंगठी फिरविली की मनुष्य अदृश्य होई. अशी अंगठी हाती आल्यावरही न्यायाने वागेल असा कोण आहे, असा त्याचा प्रश्न आहे. दोन नकाशांचे बटन म्हणजे तीच अंगठी होय. आणि ती आता एका संगणकात व एका दुपारी तयार होते.

भाचा आमच्याकडे वळून म्हणाला, "मामा, तुम्ही सरकारी माणूस. तुम्ही सांगा, काय करू?"

उत्तर सोपे होते, आणि ते आमच्या तोंडी आले नाही. त्याचे कारण सांगावयाचे तर आमच्या कचेरीतील एक प्रकरण सांगितले पाहिजे.

नोकरीची पहिली नऊ वर्षे आम्ही आवक-जावक टेबलावर काढली. आलेली पत्रे नोंदवावयाची, गेलेली पत्रे नोंदवावयाची. त्या टेबलावर कोणाचे काही अडत नाही आणि कोणाचे काही होतही नाही. तेथे बसून आम्ही इतर टेबलांवरील लोकांच्या वागणुकीवर मनातल्या मनात बरेच निवाडे दिले. लोकांना खेटे घालावयास लावणारे सहकारी पाहून आम्हांस तिरस्कार वाटे. नंतर आमची बदली निवृत्तिवेतन शाखेत झाली. आता आमच्या एका शेऱ्याने कोणाचे निवृत्तिवेतन पुढे सरकत होते किंवा थांबत होते.

त्या शाखेत दुसऱ्याच महिन्यात मुरैना जिल्ह्यातील एका विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्याकडे आले. तिच्याबरोबर आलेला मुलगा उद्धटपणे बोलला. आमच्या नोकरीची किंमत काय, हे त्याने चार लोकांसमोर आम्हांस विचारले. आम्ही शांत राहिलो. सहकाऱ्यांनी आमच्या शांतपणाची वाखाणणी केली. मग आम्ही कागद तपासले. सेवापुस्तकातील तिचे नाव आणि बँकेच्या पुस्तकातील नाव यांत एका अक्षराचा फरक होता. आम्ही आक्षेप नोंदविला. ती दुरुस्ती करून आली, तेव्हा जन्मतारखेच्या पुराव्याचा आक्षेप नोंदविला. तिसऱ्या वेळी छायाचित्राच्या साक्षांकनाचा, चौथ्या वेळी प्रतिज्ञापत्राच्या मजकुराचा. प्रत्येक आक्षेप नियमाप्रमाणे बरोबर होता. तपासणी झाली असती तर आमच्या टिपणात कोणाला चूक सापडली नसती. मात्र चारही गोष्टी आम्हांस पहिल्याच दिवशी दिसल्या होत्या, आणि त्या एकाच पत्रात लिहिता आल्या असत्या. बोलला होता मुलगा. चार वेळा बसने ग्वाल्हेरीस आली ती आई. चौथ्या वेळी ती एकटीच आली होती.

आमच्यापाशी तपासणीचा एक नकाशा होता आणि रोजचा एक होता, एवढाच याचा अर्थ. नऊ वर्षे ज्याला आम्ही आमचा संयम म्हणत होतो, तो आवक-जावक टेबलाचा गुण होता. छिद्र लहान होते.

यावर कोणी म्हणेल, मग लहान छिद्रच बरे. मनुष्याला सामर्थ्य देऊच नये, म्हणजे अतिरेकाचा प्रश्नच येणार नाही. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. मोठ्या इंजेक्टरचाही एक रास्त उपयोग असतो. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या इंजिनात १,००० मायक्रोसेकंदांत फिरता दांडा १८ अंश फिरतो, ७७० मायक्रोसेकंदांत सुमारे १४ अंश. तेच डिझेल थोडक्या वेळात, योग्य क्षणी आत गेले, तर त्यातून अधिक काम निघू शकते. म्हणजे मोठे सामर्थ्य जुन्याच मात्रेत वापरले तरी व्यर्थ जात नाही. रुडॉल्फ डिझेलने हे इंजिन कल्पिले तेच मुळी उधळपट्टीला कंटाळून. वाफेची यंत्रे कोळशातील बहुतांश उष्णता वाया घालवीत. १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याच्या इंजिनाची जी परीक्षा झाली, तीत इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णतेचे काम झाले. लहान कारागिरांना मोठ्या कारखान्यांपुढे टिकता यावे, असेही त्याला वाटत होते. समाजाच्या परस्परसाहाय्यावर त्याने १९०३ साली एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाने चालणाऱ्या इंजिनातून अर्धवट जळालेल्या इंधनाचे लोट मौजेखातर सोडणे, हा त्याच्या हेतूचा नेमका उलटा प्रकार होय.

तेव्हा प्रश्न सामर्थ्य असावे की नसावे, हा नाही. त्याचे माप कोठून घ्यावयाचे, हा आहे. आमच्या मते ते माप सामर्थ्याच्या पोटात कधीच सापडत नाही. इंजेक्टरला विचारले तर तो जितके देऊ शकतो तितके हेच त्याचे माप आहे. नियमांतही ते पुरते सापडत नाही. आमचे चारही आक्षेप नियमात होते. ते माप हवेत आहे. ज्याच्यावर आपले सामर्थ्य चालावयाचे, त्याला ते किती पेलेल आणि मागून येणाऱ्याच्या वाट्याला त्यातले काय जाईल, यावरून ते घ्यावे लागते. आणि ते एकदाच घेऊन भागत नाही. प्रत्येक चढावर, प्रत्येक ओझ्यास, नव्याने घ्यावे लागते. दुर्बळाच्या संयमालाही आम्ही कवडीमोल म्हणणार नाही. परंतु तो अजून न पारखलेला संयम आहे, एवढे ज्याने त्याने स्वतःपुरते ओळखून असावे.

त्या संध्याकाळी आम्ही भाच्याला उपदेश केला नाही. परतताना त्या विधवेची हकीकत मात्र सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने एकच नकाशा ठेवला, धुराची मर्यादा असलेला. गाडी अजूनही पाय दाबल्यावर क्षणभर विचार करते, अशी त्याची तक्रार आहे. कायद्याचा प्रश्न तसाच उभा आहे, आणि मूळचे इंजेक्टर त्याने कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत. ते पुन्हा बसवावेत, हे आम्ही आता त्याला स्पष्ट सांगितले आहे. पहिल्या रविवारी सांगावयास हवे होते.

त्या विधवेचे प्रकरण पाचव्या महिन्यात मंजूर झाले आणि थकबाकीही मिळाली. चार खेटे मात्र कोणत्याही थकबाकीत बसत नाहीत. आता जे काही आक्षेप असतील ते आम्ही पहिल्याच पत्रात एकत्र लिहितो. यात फार मोठे काही केले, असे नाही. मागच्या सोमवारीच एक गृहस्थ टेबलावर हात आपटून बोलून गेले. त्यांच्या कागदांत तीन त्रुटी होत्या. पहिली लिहून झाल्यावर आमची लेखणी थांबली, आणि उरलेल्या दोन लिहावयास आम्हांस बराच वेळ लागला.